ठमके डॉक्टरांचा हात

ठमके डॉक्टरांचा हात शेवटी शेवटी गेला होता, असं आमच्या महागावात म्हणतात. ते खरं नाही. त्या हाताचं काय झालं हे मला माहीत आहे, कारण ज्या दुपारी ते झालं त्या दुपारी लोखंडाचं एक टोक त्यांच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या.

मागच्या महिन्यात पुसदला त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. टेबलावर त्यांचा फोटो होता, फोटोपुढे मेणबत्त्या. त्यांचा मुलगा मिलिंद तिथल्याच एका शाळेत शिकवतो. तो चार शब्द बोलायला उभा राहिला. वडिलांबद्दल चांगलं बोलला. शेवटी म्हणाला की बाबांनी आयुष्यभर या हाताने जनावरं वाचवली, पण अखेरीला हाताने दगा दिला. आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येईपर्यंत ती हललेली मान मला सोसेना, म्हणून हे लिहायला बसलो.

डॉक्टर हे खरं तर डॉक्टर नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते. कोणी ‘डाक्टरसाहेब’ म्हटलं की ते थांबायचे आणि म्हणायचे, “डाक्टर नाही बाप्पा, पर्यवेक्षक.” समोरचा म्हणायचा, “हाव, डाक्टर.” मग ते पुढे चालू लागायचे. नोकरीभर हे चाललं आणि निवृत्तीनंतरही चाललं. मी शेजारी असून मीही डॉक्टरच म्हणत राहिलो. त्यांनी मलाही प्रत्येक वेळी दुरुस्त केलं असेल. मी ऐकलं नसेल.

बुटके होते, छातीने रुंद. उजवा हात डाव्यापेक्षा जाड वाटायचा. त्या हाताचं नख मी कधी वाढलेलं पाहिलं नाही. घड्याळ खिशात. मिलिंदच्या लग्नात व्याह्यांनी अंगठी घातली, ती त्यांनी मांडवातच काढून बायकोच्या, कमलाबाईंच्या, बोटात सरकवली. अंगठीचा हात गाईच्या पोटात कसा घालणार, असं त्यांनी व्याह्यांना समजावून सांगितलं, तेही जेवणाच्या पंगतीत. जेवायला बसण्याआधी ते कोपरापर्यंत हात धुवायचे. लग्नात नळाजवळ रांग लागायची आणि मागून कोणी तरी म्हणायचं, “डाक्टर, बुंदी वाढून राह्यले, गाय नाही.” ते हसायचे, पण कोपर सोडायचे नाहीत.

आणि जनावराजवळ गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. काय झालं, असं विचारायचे नाहीत. “तू काय केलं, थे सांग,” असं मालकाला विचारायचे. माणसं घाबरून काही तरी करून बसलेली असतात आणि मग लपवतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

एकदा मी त्यांच्यासोबत एका तांड्यावर गेलो होतो. माझे कान तेव्हा अजून बरे होते. रामसिंग नावाच्या माणसाची गाय अडली होती. डॉक्टरांनी विचारलं, तू काय केलं? रामसिंग म्हणाला, काहीच नाही, सकाळपासून नुसता बसून आहे. डॉक्टरांनी हात धुतला, आत घातला, डोळे मिटले. हात आत असला की ते डोळे मिटून घ्यायचे आणि ऐकल्यासारखी मान कलती करायचे. मग डोळे उघडले आणि हळूच म्हणाले,

“रामसिंग, दोर लावून वढलं ना तू?”

डॉक्टर म्हणाले, “लेका, रागावत नाही म्या. पन वासराचा पाय मागं मुडपला आहे. तू सांगतलं असतं तर म्या आधी तोच शोधला असता. लपवलं का जनावर जाते. आता मले सांग, किती येळ वढलं?”

रामसिंगने सांगितलं. डॉक्टर खरंच रागावले नाहीत. मुडपलेला पाय त्यांनी आत बोटांनी सरळ केला, मग दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि सांगितलं की माझे दोनच शब्द ध्यानात ठेव. गाय कळ देईल तेव्हा मी ‘खीच’ म्हणेन. कळ थांबली की ‘सोड’ म्हणेन. तिच्या कळेविरुद्ध ओढलं तर आतून फाटेल. मग बराच वेळ तेवढेच दोन शब्द. खीच. सोड. खीच. सोड. वासरू बाहेर आलं, शिंकलं, आणि रामसिंग आमच्या दोघांच्या पाया पडायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाईच्या पड, ती खरं बोलली.

परत येताना गाडीत मी म्हणालो, तुम्हाला कसं कळलं, दोर लावला होता म्हणून? ते म्हणाले, “हाताले कळते. हात खोटं नाही बोलत.” असं ते फुशारकीने म्हणत नसत. पाणी ओलं असतं, इतक्या सहज म्हणत.

ती गाडी म्हणजे ‘पांढरी’. जुनी, छोटी, नावाप्रमाणे पांढरी. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी ती कोणाकडून तरी घेतली, कारण दवाखान्याची जीप सुटली तरी तांड्यांवरून आणि कोलामांच्या पोडांवरून बोलावणी येणं सुटलं नव्हतं. सरकारी माणूस येईपर्यंत लोक डॉक्टरांना निरोप पाठवायचे आणि डॉक्टर पांढरी काढायचे. परत यायचे तेव्हा मागच्या सीटवर तुरीच्या शेंगा नाही तर संत्री असायची. पांढरीबद्दल ते गोठ्यातल्या जनावरासारखं बोलत. आज तिला ताप आहे. आज ती खोकलून राह्यली. गॅरेजमध्ये कधी नेली नाही. आजारी जनावर बाजारात उभं करायचं नसतं, घरी पाहायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर दुरुस्ती करायचा तेव्हा त्याच्याजवळ बसून बसून ते शिकले होते. आमच्या दोन्ही घरांच्या मधे कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत पांढरी जॅकवर चढायची, डॉक्टर बारदाना अंथरून खाली शिरायचे आणि मी नट खोलायचे पाने हातात देत बसायचो.

मिलिंदला हे पसंत नव्हतं. वय झालं, गाडी जुनी, रस्त्यात दोनदा बंद पडली होती. एकदा तो घरी आला तेव्हा स्पष्ट सांगून गेला की पुढच्या रविवारी मी येतो, पुसदपर्यंत सगळे या गाडीने जाऊ. धड पोहोचली तर मी पुन्हा बोलणार नाही. रस्त्यात काही झालं तर चाबी माझ्याकडे.

डॉक्टरांनी ते मान्य केलं. मान्य केल्यावर त्यांना कळलं की उजव्या चाकाचा एक्सल गेला आहे. वळणावर कट कट वाजत होता, रबर फाटून ग्रीस उडालं होतं. चाबी गेली तर नुसती गाडी जाणार नव्हती. तांड्यावर जायला त्यांना दुसरं साधन नव्हतं, आणि तांड्यावर न जाणारे ठमके डॉक्टर म्हणजे काय, हे त्यांना विचार करूनही सांगता आलं नसतं. ते पुसदला जाऊन नवा एक्सल घेऊन आले, गोणपाटात गुंडाळून, तान्ह्या वासरासारखा दोन्ही हातांवर धरून. शनिवारी आम्ही बसवायला घेतला.

आता मला माझ्या कानांबद्दल सांगायला हवं.

मी आयुष्य जिनिंगमध्ये काढलं. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांच्या रांगेत उभं राहून माणसाचा कान एकदम जात नाही, कडेकडेने झिजतो. निवृत्त झालो तेव्हा बोलणारा समोर असला, तोंड दिसलं की समजायचं. तोंड दिसलं नाही की अंदाज करायचा. आणि अंदाज चुकू नये म्हणून प्रत्येक गोष्टीला ‘हाव’ म्हणायचं. माझी बायको सुशीला म्हणायची, तुमचा हाव म्हणजे ऐकू आलं नाही. ती सोडून कोणाला माहीत नव्हतं. जिनिंगमध्ये कान गेलेल्या माणसाला आम्ही भोंगा म्हणायचो. मीच मोठ्याने म्हणायचो. त्यामुळे मला भोंगा व्हायचं नव्हतं.

तर शनिवारची दुपार. हरभरा घाटे धरत होता तेव्हाची, म्हणून ऊन सुखाचं होतं. पण सकाळचा चहा थंड झाला तरी डॉक्टरांनी घेतला नाही. पांढरीचं चाक काढून ठेवलेलं, जॅकखाली फळी, बाजूला लाकडाचे ठोकळे. एक्सल म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. त्याचं एक टोक गिअरबॉक्समध्ये बसतं, दुसरं हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर लागतं त्या तुंब्यात. आतल्या टोकावर बारीक तारेची रिंग असते. ती खाचेत बसली की कट असा आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे धरला. नाही आला तर दांडा आत गेलेला दिसतो, पण धरलेला नसतो, आणि कधी तरी सुटतो.

डॉक्टर खाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. एकदा ढकललं, नाही. रिंग फिरवून पुन्हा ढकललं, नाही. गाडी जॅकवर किंचित हलली. मी ठोकळे आणखी आत सरकवले. तिसऱ्या वेळी दांड्याचा हिसका माझ्याही हाताला जाणवला आणि खालून ते म्हणाले, “आयकलं?”

मी काही ऐकलं नव्हतं. “हाव,” मी म्हणालो.

त्यांनी स्वतः आतून हिसडा देऊन पाहिला. धरला होता. मी हे मुद्दाम लिहितो. त्यांच्या हाताने तो बसवला तेव्हा तो बसला होता.

मग बाहेरचं टोक. मी हब बाहेरच्या बाजूला ताणून धरायचा, डॉक्टर खालून दांड्याचे दाते त्यात घालणार, दाते जुळले की हब आपोआप दांड्यावर येणार. जड काम होतं. माझे दंड भरून आले. हबच्या भोकातून दांड्याचं आटे असलेलं टोक बाहेर डोकावलं. त्याच क्षणी डॉक्टर खालून काही तरी बोलले.

मला ऐकू आलं, “ओढ.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहायला गेलो, तर तिथे फक्त पाय. मी तसाच ताणून उभा. मग ते जोरात म्हणाले, “ओढ न!”

मी एका हाताने ते टोक मुठीत धरलं आणि ओढलं.

आत कुठे तरी काही तरी सुटलं. फार नाही, सदऱ्याचं बटण निघावं तेवढंच. आवाज मला येणार नव्हता, आणि त्यांना तो आला नाही, कारण त्याच वेळी माझ्या हातून हब निसटून दांड्यावर दणकन बसला. पण माझ्या मुठीला कळलं. आजही त्या मुठीत ते आहे.

“बसला का?” त्यांनी विचारलं.

हे मला नीट ऐकू आलं. ते सरकत बाहेर येत होते आणि तोंड दिसत होतं.

बोलायला एक क्षण होता. आतून काही तरी सुटल्यासारखं वाटलं, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते विचारणार, तू ओढलं काहून? मी म्हणणार, तुम्हीच म्हणाले. ते म्हणणार, म्या कधी म्हनलं? आणि मग गोष्ट माझ्या कानांवर येणार. त्यांच्या तोंडाकडे बघत मी म्हणालो, “बसला.”

नट आवळला. तेल भरलं, थोडं जमिनीवर सांडलं. संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारली, पांढरी गुण्यागोविंदाने चालली. डॉक्टरांनी तिच्या बॉनेटवर थाप मारली आणि मग कुठे कमलाबाईंना चहा मागितला.

सकाळी मिलिंद आला. गाडीखाली ओला डाग होता. डॉक्टर वाकून पाहत म्हणाले, “नारायण, हे थेंब कायचे?” मी म्हणालो, काल सांडलं होतं तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि चाबी घेतली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, असंही म्हणता येणार नाही; माझ्यावर अविश्वास ठेवायचं त्यांना कारणच नव्हतं.

पुढे डॉक्टर आणि मिलिंद, मागे मी आणि कमलाबाई. मी कशाला गेलो? न जाता आलं असतं. घरी बसून वाट पाहणं जमलं नसतं, एवढंच खरं. सगळा रस्ताभर मी तळपायाने ऐकत होतो. मिलिंद हळूहळू सैल झाला. आईला म्हणाला, बाबांनी गाडी चांगली ठेवली आहे. डॉक्टर आरशातून माझ्याकडे पाहून किंचित हसले. ते हसणं मी त्या रस्त्यावर कितीदा पाहिलं असेल, पुढेही, गाडी नसतानाही.

पुसदच्या अलीकडे चढ लागतो. चढावरच्या वळणावर माझ्या पायाखाली घरघर झाली आणि इंजिन एकदम मोकळं ओरडलं. गाडी पुढे जाईना. मग ती मागे जाऊ लागली. मागे कापसाने लादलेला ट्रॅक्टर होता. मिलिंद ओरडत होता, ब्रेक, बाबा, ब्रेक. ब्रेक लागत होता पण उतार जास्त होता आणि हँडब्रेक जुना. डॉक्टरांनी मान वळवली, मागे पाहिलं, स्टिअरिंग फिरवलं आणि पांढरीची पाठ डोंगराच्या मातीत घातली. धक्का बसला. ट्रॅक्टर गाडीच्या दारापासून हातभर अंतराने गेला आणि पुढे जाऊन थांबला. कमलाबाईंनी पुढची सीट धरून ठेवली होती. त्यांचं मनगट मोडलं.

डॉक्टरांनी आधी ते मनगट पाहिलं. उपरण्याने बांधून गळ्यात अडकवलं. मग रस्त्यावर आडवे झाले आणि खाली पाहिलं. उठायला त्यांना वेळ लागला. उठल्यावर त्यांच्या बाहीला तेल होतं.

“एक्सल बाहेर आला,” ते म्हणाले. “बसला नव्हता.”

“बाबा, तुम्ही तर रात्री फोनवर म्हणाले, पक्का बसला म्हणून.”

“मले तसंच वाटलं.”

ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. पालथा, मग उताणा. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काका, तुम्ही होते ना सोबत? मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी डॉक्टर म्हणाले,

“नारायण निसता धरून उभा होता. आतमंधी हात माझा होता. जबाब माझा.”

कमलाबाई वेदनेने डोळे मिटून बसल्या होत्या. मी ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला गेलो.

चाबी मिलिंदकडे गेली. डॉक्टरांनी हुज्जत घातली नाही. पांढरी ओढून आणली आणि कडुनिंबाखाली ठेवली. तिच्या टायरची हवा गेली, मग शेजाऱ्यांच्या कोंबड्या तिच्याखाली बसू लागल्या. कोणी तरी म्हणालं, म्हातारपणी हात थरथरायला लागले असतील. कोणी म्हणालं, लागलेच आहेत, मी पाहिलं. ते गावभर झालं. मी खोटं ठरवलं नाही. मनाशी मी एक हिशोब बांधून ठेवला होता: ओढ असं तेच म्हणाले, मी ओढलं. मी सांगितलेलं केलं. सुटल्याचं बोललो नाही, एवढीच माझी चूक. मूळ चूक त्यांचीच. त्या हिशोबावर मी बरीच वर्षं जेवलो, झोपलो.

मला वाटलं होतं, गाडीपुरतं आहे. गाडीपुरतं नव्हतं. तांड्यावरून मोटारसायकल घेऊन माणसं यायची, मागे बसा म्हणायची. डॉक्टर काही तरी कारण सांगून परत पाठवायचे. मग आमच्याच गल्लीत गजाननची गाय अडली. भर दुपारी तो पळत आला. डॉक्टर नाही म्हणू शकले नाहीत. मीही मागोमाग गेलो.

त्यांनी गरम पाणी मागितलं. कोपराच्या वरपर्यंत हात धुतला. गजाननला विचारलं, तू काय केलं? तो म्हणाला, काहीच नाही डाक्टर, आईशपथ. ते गाईच्या मागे जाऊन उभे राहिले. एका हाताने शेपटी बाजूला धरली. मी वाट पाहत होतो की आता डोळे मिटतील. त्यांनी मिटले नाहीत. ते ओल्या हाताकडे पाहत राहिले. गाय कण्हत होती. गजानन म्हणाला, डाक्टर?

ते बाजूला झाले.

“दुसऱ्याले बोलाव,” ते म्हणाले. “या हाताचा भरवसा नाही राह्यला आता. बसला म्हनते अन् बसला नसते.”

दुसरा माणूस पुसदहून यायला दुपार कलली. गाय वाचली. वासरू मेलेलं निघालं. डॉक्टर तोवर गोठ्याच्या दाराशी बसून टॉवेलने हात पुसत होते. हात केव्हाच कोरडा झाला होता. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. रामसिंगला त्यांनी रागावलं नव्हतं, हे मला आठवत होतं. लपवलं का जनावर जाते, हेही आठवत होतं. समोर चादरीखाली ते जनावर पडलेलं होतं. आणि मी सुशीलाने जेवायला हाक मारली असेल, असं म्हणून घरी गेलो. हाक मारली असती तरी मला ऐकू आली नसती.

त्यानंतर ते आमच्याकडे यायचे, मी त्यांच्याकडे जायचो. चहा व्हायचा. एकदा मी सुरुवात केली होती. म्हणालो, डॉक्टर, त्या दिवशी एक्सलचं... ते म्हणाले, “जाऊ दे न, नारायण. तू कायले तरास करून घेतो?” त्यांना वाटलं, मी त्यांचं सांत्वन करतो आहे.

यंदा माझ्या मुलीने मला यवतमाळला नेलं आणि कानात मशीन बसवून आणलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. म्हणाल्या, काका, तुमचे जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेले आहेत. बोलण्यातला ‘स’, ‘श’ असे आवाज तुम्हाला येतच नसतील, शब्दाचा उरलेला भाग ऐकून तुम्ही अंदाज करत असाल. मी हाव म्हणालो. या वेळी ऐकून म्हणालो. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मात्र तेव्हा डोक्यात शिरला नाही. घरी आल्यावर सुशीलाच्या बांगड्या ऐकल्या, कढईतला चरचर आवाज ऐकला, अंगणात झाडू फिरतो त्याला आवाज असतो हे नव्याने कळलं. संध्याकाळ व्हायच्या आत मी डॉक्टरांना दाखवायला निघालो. लहान मूल नवा सदरा दाखवायला जातं तसा.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. दुसऱ्याच दिवशी मिलिंद येऊन दोघांना कायमचं पुसदला घेऊन गेला आणि पावसाळ्यात ते तिकडेच वारले. सामान आधीच बांधलेलं असावं. मला कोणी सांगितलं असेल. ते माझ्या हावमध्ये गेलं असेल.

गजाननची गाय पुन्हा व्याली होती, दुसऱ्याच कोणाच्या हाताने. तिचं वासरू त्या दिवशी सुटून डॉक्टरांच्या अंगणात आलं होतं. डॉक्टर पांढरीच्या बॉनेटला टेकून उभे होते, माझ्याकडे पाठ करून, आणि वासराने त्यांच्या उजव्या हाताची बोटं तोंडात धरून चोखायला घेतली होती. मी भिंतीपाशी थांबलो. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं.

“सोड,” ते वासराला म्हणाले. “सोड न!”

त्या शनिवारी गाडीखालून त्यांनी जसं म्हटलं होतं तसंच. तोच स्वर, आधी हळू, मग जोरात. फक्त या वेळी त्याच्यापुढे एक ‘स’ होता. पायाखालची वाळलेली पानं सरकावीत तेवढा बारीक, आणि तेवढाच स्पष्ट.

हब सोड, असं सांगत होते ते मला. त्या क्षणी मला तांडा आठवला, दोर आठवला, आणि मग हेही आठवलं की ‘ओढ’ असं डॉक्टर कधी म्हणतच नसत. बोलण्यात आलंच तर ते ‘वढ’ म्हणायचे. आणि काम सांगताना तर तेही नाही. ओढायला सांगायचं असलं की ते ‘खीच’ म्हणत. मला त्यांनी दोनच शब्द ध्यानात ठेवायला सांगितले होते.

माझी चाहूल लागून ते वळले. “ये न, नारायण,” म्हणाले. “कान लावले म्हनते तू. आयकू येते का आता?”

“हाव,” मी म्हणालो.

“मंग बस. चहा ठेवाले सांगतो.”

मी म्हणालो, उद्या येतो. ते म्हणाले, उद्याचं काय, आज घे. मी पुन्हा म्हणालो, उद्या. मला घरी जाऊन शब्द जुळवायचे होते.

तेव्हा त्यांनी वासराच्या तोंडातून बोटं सोडवून घेतली आणि बरं म्हणायला हात वर केला. मनगटापर्यंत लाळेने ओला होता. उन्हात चमकत होता. मी पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. तो हात जराही थरथरत नव्हता.